कोमुरय्याचा खांदा

कोमुरय्याचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो ताडावरून घसरताना. हाडवैद्यानं हिसका देऊन बसवला, लेप लावला, आणि आठवडा सरायच्या आत गडी परत ताडी काढायला झाडावर! दुसऱ्यांदा नुसता सदरा घालताना निखळला, तेव्हा बायको लच्चम्मानं त्याला ओढतच भोनगीरला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी चहाच्या बशीत मूठ ठेवून दाखवली. "खांद्याची बशी अशी उथळ असते. गोळा तिच्यात टिकतो तो भोवतीच्या बंधांच्या जोरावर. तुमचे पुढचे बंध कडेपासून फाटलेत, ते शिवावे लागतील. मग हात झोळीत, व्यायाम, आणि सहा महिने झाड बंद. हात वर नेऊन मागं वळवलात, की गोळा बाहेर!"

"आन् माझी झाडं?"

"झाडं काय पळून जातात?"

जातात, हे त्यांना कोण सांगणार? ताडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, रोज तासली नाही तर रस आटतो. आणि त्या वाडीतल्या ताडी काढणाऱ्या गौडांची रीत अशी, की हंगामात ज्याचा कोयता पोयीला शेवटी लागला, झाड त्याचं.

धाकटा भाऊ सैदुलु म्हणाला, "अण्णा, तोवर मी चढतो की."

"माझं मढं उठल्यावर चढ!" कोमुरय्या गुरकावला. शुद्ध मूर्खपणा, पण झाडं बापाच्या हातची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चढलाच. शेंड्याशी रसाचं मडकं सोडायला हात वर नेऊन मागं वळवला, आणि गोळा निसटला. कमरेला आणि झाडाला वेढलेल्या दोरानं तेवढं तोलून धरलं. खाली लच्चम्मा ऊर बडवत राहिली; वाडीतले बाकीचे गडी लांब आपापल्या झाडांवर गेलेले. सैदुलु बाजाराहून येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानं वर जाऊन भावाला बांधून खाली सोडलं. स्वतः मात्र जरा उशिरानं उतरला.

डॉक्टरांनी गोळा बसवला. पण इतका वेळ बाहेर राहून त्यानं नस दाबली होती. दंडाला टाचणी टोचलेली कळेना.

"नस जागी होईल, कदाचित होणारही नाही," डॉक्टर म्हणाले.

कोमुरय्या घरी आल्यावर सैदुलु मडकं घेऊन आला. "अण्णा, तुझ्या झाडाची ताडी. त्या दिवशी वर होतोच, म्हणून पोयही तासली. रस आटला असता ना."

कोमुरय्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. याच्या थोबाडीत द्यावी म्हणून तो हात उगारायला गेला. बोटं वळली, कोपर वाकलं. खांदा उचललाच गेला नाही.