सातवीचा उष्णतेचा धडा

संक्रांतीनंतर अनुसूया बेंगळुराजवळच्या आनेकलच्या शाळेत गेली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात तिला आपलं सहा महिन्यांचं काम दिसलं. सातवीच्या विज्ञानाचा नवा अभ्यासक्रम, रंगीत छपाईचे चार जाडजूड संच. तीन संचांवरचं प्लास्टिक अजून फोडलेलंही नव्हतं.

बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. शाळांना अभ्यासक्रम नव्यानं आखून द्यायचा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, हे त्या संस्थेचं काम. आनेकलची ही शाळा तिनं स्वतः मागून घेतली होती. इथली निम्मी मुलं बोम्मसंद्राच्या कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांची. त्यांना चांगलं काही मिळावं म्हणून तिनं जीव ओतून ते संच लिहिले होते.

"अक्का, हे उघडलंसुद्धा नाही?" तिनं विचारलं.

शकुंतलाबाई वह्या तपासत होत्या. विज्ञान आणि गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. दोघींचीही घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातली, त्यामुळे दोघींची गट्टी जमली होती ती त्या कन्नड मिसळलेल्या मराठीवर.

"एक उघडला होता की," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुझ्या पहिल्या धड्याला दीड तास लागतो. आमचा तास चाळीस मिनिटांचा. दुसऱ्याला बर्फ लागतो. फ्रीज आहे हेडमास्तरांच्या घरी. मग ठेवला परत."

"मला सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कधी?" आता बाईंनी चष्मा काढला. "तुझ्याआधी तीन जण येऊन गेले, अनुसूया. सगळे हुशार. सगळ्यांनी सांगितलं, असं शिकवा. शिकवून कुणी दाखवलं नाही. तू दाखव की. सातवी ब देते तुला आठवडाभर."

अनुसूयाचे कान तापले. पण ती मागे हटणारी नव्हती. "सरी, चालेल," ती म्हणाली. "सोमवारी येते."

ऑफिसात कार्तिकनं कपाळाला हात लावला. तो संस्थेचा प्रमुख, पुण्याहून आलेला, तिच्याहून वयानं लहान. "अनुसूया, आपण डिझाइन करतो. टीचिंग हा आपला रोलच नाहीये. अजून अकरा शाळा वेटिंगला आहेत."

"मग माझी रजा धर," ती म्हणाली.

सातवी ब पत्र्याच्या छपराखाली बसायची. पहिल्याच दिवशी अनुसूयाची दाणादाण उडाली. मुलांचे गट पाडण्यातच निम्मा तास संपला. बाकं सरकवण्याच्या आवाजानं शेजारचे मास्तर दारात येऊन उभे राहिले. प्रयोग अर्ध्यावर असताना घंटा झाली. दुसऱ्या दिवशी ती तयारीनं गेली, सूचना फळ्यावर आधीच लिहून ठेवल्या. तेव्हा पुढच्या बाकावरची काव्या उठली आणि अदबीनं म्हणाली, "मिस, यातलं परीक्षेला काय येणार तेवढं सांगा ना. आम्ही पाठ करतो." वर्ग हसला नाही. सगळ्यांनी पेनं सरसावली. अनुसूयाला तेच जास्त लागलं.

मागच्या बाकावर शकुंतलाबाई बसून होत्या. त्यांनी एका शब्दानंही टोचलं नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून अनुसूया कारखान्यांच्या भिंती मागे जाताना बघत राहिली. डोळे भरून आले होते. सहा महिने आपण कुणासाठी लिहीत होतो? तिच्या मनातला वर्ग शांत होता, गार होता आणि त्यात वेळच वेळ होता. तसा वर्ग या रस्त्यावर कुठेच नव्हता. मग खऱ्या वर्गासाठीच आखायचं, आणि तो ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच बरोबर घेऊन. बोम्मसंद्रा मागे पडेपर्यंत तिचं ठरून गेलं होतं.

आठवडा तिनं तसाच धडपडत पुरा केला. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती लॅपटॉप न घेता शिक्षकांच्या खोलीत बसली. शकुंतलाबाई होत्या आणि भाषा शिकवणारी तरुण शिल्पाश्री होती.

"मला एकच सांगा," अनुसूया म्हणाली. "कुठला धडा शिकवायला नको वाटतो?"

शकुंतलाबाईंनी हातातली वही मिटली. मग शिल्पाश्री म्हणाली, "विज्ञान माझं नाही. पण अक्का उष्णता शिकवतात त्या उन्हाच्या दिवसांत माझ्या तासाला मुलं पेंगतात. पत्रा तापतो ना. मलाही घेरी येते."

शकुंतलाबाई खो खो हसल्या. "भट्टीत बसून उष्णतेचा धडा!" हसता हसता त्या थांबल्या. "अगं, पण तेच विचारूया की पोरांना. हीच खोली का तापते? शेजारची का नाही?"

त्यांचा चेहरा एकदम वेगळाच दिसू लागला. हळूहळू त्या बोलत्या झाल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या मुलांना घेऊन तळ्यावर जायच्या, पाणी आणायच्या, किडे बघायच्या. तेव्हाच्या हेडमास्तरांनी भर सभेत सुनावलं होतं, सहली पुरे, पोर्शन संपवा. "मग संपवत आले," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. वेळेच्या आधी."

त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी तिघी भांडत, खोडत, पुन्हा लिहीत बसल्या. धडा संपल्यावर मुलाला काय यायला हवं, ते आधी ठरवलं. अनुसूयाला एकेक प्रश्न विचारत राहायचं एवढंच काम होतं, आणि तिला ते अवघड जात होतं. दोनदा ती स्वतःच उत्तर द्यायला निघाली. दोन्ही वेळा शकुंतलाबाईंनी हात वर केला, "स्वल्प थांब." विज्ञान आणि गणिताचे तास बाईंकडेच होते. ते लागोपाठ ठेवले की ऐंशी मिनिटं मिळत होती. आलेख गणितात काढायचे आणि अहवाल शिल्पाश्रीच्या तासाला लिहायचा, असं ठरलं. पाठ्यपुस्तकातला एकही मुद्दा सुटता कामा नये, यावर बाई अडून बसल्या. अनुसूयानं ते मान्य केलं.

हेडमास्तर त्रिविक्रम भला माणूस होता, पण व्यवस्थापन समितीला घाबरायचा. वेळापत्रक बघून त्यानं नाक चोळलं. "एक वर्ग, एक धडा. वार्षिक परीक्षेत मार्क घसरले तर मी काही ऐकून घेणार नाही."

"घसरले तर मी समितीपुढे उभी राहीन," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्ही नका राहू."

फेब्रुवारीत धडा सुरू झाला. पहिल्याच दिवशी नवा घोटाळा. आणलेले तापमापक एकाच खोलीत वेगवेगळे आकडे दाखवू लागले. अनुसूया एकेक तापमापक झटकून पुन्हा पुन्हा बघू लागली. बाईंनी मात्र सगळे तापमापक एका बादलीतल्या पाण्यात बुडवायला लावले. "आता सांगा, खोटं कोण बोलतंय?" मुलं बादलीभोवती तुटून पडली. त्यात एक तास गेला. अनुसूयानं योजनेतला पुढचा भाग मुकाट्यानं गाळला.

मग मुलांनी खोल्यांचं तापमान मोजलं. पत्र्याचे चौकोनी तुकडे उन्हात मांडून एकावर चुना फासला, एकावर नारळाच्या झावळ्या टाकल्या, एकावर ओलं गोणपाट. गोणपाटाखाली सगळ्यांत गार लागलं. काव्या उठून म्हणाली, "पण रोज पाणी कुठून आणायचं? आमच्याकडे टँकर येतो." त्यावरून वर्गात जुंपली. शेवटी चुना आणि झावळ्या यांवर मतं पडली. शिल्पाश्रीच्या तासाला प्रत्येकानं आपापली बाजू कारणांसकट लिहिली. कुणी पेंगलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला पालकांची सभा झाली. कारखान्याच्या गणवेशातच आलेले एक वडील उभे राहिले. "माझा मुलगा घरी पत्र्याला चुना लावतो म्हणतो. छान आहे. पण त्याला परीक्षेत लिहिता येईल का? आम्हाला ट्यूशन परवडत नाही, बाई."

अनुसूया उत्तर द्यायला उठणार होती. पण शकुंतलाबाई आधीच पुढे गेल्या होत्या.

"तुमची काळजी रास्त आहे," त्या कन्नडमधून म्हणाल्या. "पुस्तकातलं सगळं घेतलं आहे, मी स्वतः पडताळलं आहे. तरी भीती वाटते तर शनिवारी या, मुलाला माझ्यासमोर प्रश्न विचारा. कुणीही या."

तो माणूस खरंच आला. आणखी काही पालकही आले.

परीक्षा झाली. चमत्कार काही घडला नाही. वर्गाचे मार्क होते तेवढेच राहिले, दोघा-तिघांचे कमीही झाले. बाई सगळ्यांच्या उत्तरपत्रिका घेऊन बराच वेळ बसल्या. व्याख्या पाठ नव्हत्या, हे खरं होतं. पण 'का' विचारणारा जो प्रश्न सातवीची मुलं दर वर्षी कोरा सोडायची, तो या वेळी जवळजवळ सगळ्यांनी लिहिला होता, ज्याच्या त्याच्या शब्दांत. समितीपुढे बाईंनी दोन्ही गोष्टी मांडल्या. लपवलं काहीच नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर समितीनं पुढच्या वर्षी सातवीचं सगळं विज्ञान या रीतीनं शिकवायला परवानगी दिली. व्याख्यांसाठी आठवड्याला वेगळा तास ठेवायची अट घातली. बाईंनी ती आनंदानं मान्य केली.

कार्तिक खूश झाला. "ग्रेट! हा धडा टेम्प्लेट करू. अकरा शाळांना एकदम पाठवू."

"नाही," अनुसूया म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्या शाळेला पत्रा नाही, तिला हा धडा काय कामाचा? प्रत्येक शाळेत शिक्षकांबरोबर बसायचं. वेळ लागेल. अकरा होणार नाहीत, दोन होतील. पण त्या दोन ठिकाणी धडा वर्गात शिकवला जाईल."

कार्तिकनं हिशेब मांडला, कुरकुरला, देणगीदारांना काय सांगायचं म्हणून विचारलं. अनुसूयानं त्याला एका शनिवारी आनेकलला नेलं. तो दुपारभर त्या तापलेल्या खोलीत, बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलेल्या काव्याच्या गटाचं बोलणं ऐकत बसला. उठताना म्हणाला, "ठीक आहे. दोन शाळा. पण शिक्षकांना पटवणार कोण?"

दुसऱ्या दिवशी अनुसूयानं शकुंतलाबाईंना फोन केला.

"मी? दुसऱ्या शाळेत जाऊन शिकवू त्यांना?" बाई म्हणाल्या.

"शिकवायचं नाही, अक्का. विचारायचं."

मग बाई म्हणाल्या, "शिल्पाश्रीलाही घेऊ. ती माझ्यापेक्षा चांगलं भांडते. कधी निघायचं?"