शेवटचा दिवस कोणता

बारा सप्टेंबर की तीन ऑक्टोबर, एवढंच ठरवायचं होतं. आर्विड कांगस पाऊण तास तोच कागद मांडीवर घेऊन बसला होता. कौंटीच्या दस्तनोंदणी कचेरीत हीटर घरघरत होता, आणि शेजारी त्याची बायको मार्लीन ओले बूट काढून पाय शेकत होती.

सरोवराकाठच्या लॉजचं सगळं लाकूडकाम आर्विडने केलं होतं. मालक व्रीलँडने अर्धे पैसे दिले; उरलेले अकरा हजार चारशे डॉलर पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता बर्फ पडलं. आता तर तो लॉजच विकून जानेवारीत मोकळा होणार होता. मिशिगनच्या कायद्यात कारागिराच्या हातात एक गोष्ट असते. जिथे त्याचं काम लागलं त्या इमारतीवरच त्याला थकलेल्या पैशांचा बोजा नोंदवता येतो. तो उतरेपर्यंत कुणी शहाणा माणूस ती इमारत विकत घेत नाही. मात्र कामाच्या शेवटच्या दिवसापासून नव्वद दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी.

आर्विडला अडुसष्ट पूर्ण झाली होती. उजवा खांदा वर जात नव्हता. हे पैसे आले की वर्कशॉपला कुलूप, असं त्याने मार्लीनला कबूल केलं होतं.

“लिही ना तीन ऑक्टोबर,” मार्लीन म्हणाली. “म्हणजे एक जानेवारीपर्यंत मुदत आहे. घरून हेच ठरवून निघालो होतो.”

“हे वाच.” त्याने काउंटरवरून उचललेलं माहितीपत्रक पुढे केलं. त्यात एक ओळ होती: झालेल्या कामात नंतर केलेली दुरुस्ती धरू नये.

“तू गेला होतास. दिवसभर राबला होतास. मीच डबा दिला होता.”

“ड्रॉवर अडकत होता, तो तासायला गेलो. स्वयंपाकीणबाई म्हणाली, मागचं दार करकरतंय, तेही बघितलं. ते दार ठरलेल्या कामात नव्हतंच.”

“आणि पैसे?”

“त्याचे कसले पैसे घ्यायचे?”

“नाहीच घेणार तू. तुझा ड्रॉवर अडकतो म्हणजे जगबुडी. फोन आला की हातातला घास टाकून पळतोस. आणि हत्यारं घरी कधी आणलीस?”

“बारा सप्टेंबरला.”

हत्यारांची पेटी घरी आली की काम संपलं, हे तीस वर्षं त्या घरात ठरलेलं होतं. बारा सप्टेंबरपासून नव्वदावा दिवस अकरा डिसेंबरला पडत होता. आज अठरा तारीख होती.

आर्विड उठला आणि काउंटरकडे गेला. पलीकडे बॉनी ट्रेलोर होती, मार्लीनच्या धाकट्या बहिणीच्या वर्गातली. नोटरीचा शिक्काही तिच्याकडेच असे.

“बॉनी, या दोनातली कुठली तारीख धरतात?”

“ते मी सांगायचं नाही, आर्विड. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. तू लिहायचं, शपथ घ्यायची, मी शिक्का मारायचा. खरंखोटं कोर्ट बघतं, तेही कुणी भांडलं तर.”

“व्रीलँड भांडेल?”

“त्याचा वकील हॉटेलात टिप देतानाही बिल तीनदा वाचतो.”

आर्विडने पेन उचललं. तीन लिहिलं तर खोटं म्हणता येईल का? त्या दिवशी घाम तर खरा गाळला होता. त्याने ड्रॉवर आठवला. तो त्याच्याच हातून जरा घट्ट बसला होता. काम नीट झालं असतं तर तीन ऑक्टोबर आलाच नसता. त्याने हळूहळू बारा सप्टेंबर लिहिलं आणि कागद सरकवला.

बॉनीने तारीख वाचली. शिक्क्याकडे गेलेला हात तिने परत घेतला.

“तीस डॉलर फी आहे,” ती म्हणाली. “तू दिलीस तर मला घ्यावी लागेल. पण कॅलेंडर तुझ्या मागे टांगलंय.”

“मोजलेत मी दिवस.”

“मग ते तीस डॉलर खिशातच राहू दे. पैसे बुडाले असं नाही रे. दावा लावता येतो. फक्त इमारत हातची गेली.”

दावा म्हणजे वर्ष, दीड वर्ष. तोवर व्रीलँड कुठल्या गावी असेल, कुणाला ठाऊक.

आर्विडने कागदाची घडी केली. मार्लीन बूट चढवत होती. तिने त्याच्याकडे न बघताच विचारलं, “तीनच लिहिलं असतं तर?”

“मग शपथ घ्यावी लागली असती.”

“तेही खरंच,” ती म्हणाली, आणि नाडी बांधायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

गाडीत बसल्यावर त्याने इंजिन तापू दिलं. मग फोन काढून शाळेचा नंबर लावला. ग्रंथालयाच्या बत्तीस फळ्यांचं काम त्याने गेल्याच आठवड्यात नाकारलं होतं.

“कांगस बोलतोय,” तो म्हणाला. “ते काम अजून कुणाला दिलं नसेल तर मी करतो. हो, हो. खांदा बरा आहे.”

मार्लीनने खिडकीकडे तोंड फिरवलं.