मुखापाशी मूठभर पीठ

"थांबा काका, ते काय टाकताय?"

रुफिजी नदी समुद्राला मिळते तिथे होडी डुलत होती. झुहुरा नमुन्याची बाटली बुडवणार, तेवढ्यात म्हाताऱ्या किंदांबा नावाड्याने ज्वारीच्या पिठाची मूठ पाण्यावर धरली.

"नदीला देतोय. आधी द्यायचं, मग घ्यायचं. फुकट नेतात होय?"

"दर खेपेला टाकता?"

"दर खेपेला. तू आपली बाटल्या पुसण्यात गुंग."

झुहुरा मटकन फळीवर बसली. नदीच्या मुखाशी येणारा सेंद्रिय कार्बन खारफुटीच्या पानांचा, समुद्राचा की वरच्या शेतांचा, हे शोधण्यात तिची दोन वर्षं गेली होती. प्रयोगशाळा दर वेळी ज्वारीकडे बोट दाखवायची. वरच्या शेतांची माती वाहून येते, असं ती दार-एस-सलामला छातीठोकपणे सांगून आली होती. शेतं कसली, काकांची मूठ! तिला हसू आलं आणि रडूही.

तिने सगळं समजावून सांगितलं. किंदांबाने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं पीठ तुझ्या यंत्राला दिसतं?"

"दिसतं ना."

"बरं झालं. मला वाटायचं, कुणालाच पोचत नाही."

झुहुराला पुढचं बोलणं जड गेलं. "आज नका टाकू, काका. नाहीतर माझं सगळं काम वाया जाईल."

"माझी पोर इथेच बुडाली. तिला उपाशी ठेवून तुला पाणी काढू देऊ?"

"मग मीठ टाका. मिठात कार्बन नसतो."

"समुद्राला मीठ देतात का कुणी, पोरी?"

झुहुराने बाटली मांडीवर ठेवली.

किंदांबाने बराच विचार केला. मग पीठ पुरचुंडीत परत ओतलं आणि तळवा लुंगीला पुसला. इकडे बुडालेल्याचं नाव पाण्यावर घेत नाहीत. नदी आणखी कुणाला बोलावते म्हणतात. त्यानेही आजवर घेतलं नव्हतं. तो होडीच्या काठावरून वाकला.

"सोमोए," तो म्हणाला, "आज हात रिकामाच आहे गं. रागावू नकोस. आईचा गुडघा बरा आहे आता. दारचा आंबा मोहरलाय..."

भरती चढू लागली होती, नमुन्याची वेळ टळत होती. झुहुराने बाटलीचं झाकण घट्ट धरून ठेवलं.

बऱ्याच वेळाने म्हातारा सावरून बसला.

"घे आता," तो म्हणाला. "दिलं."