आजच्यापुरते पाणी

मित्रांनो, एके काळी माझा रंग गर्द निळा होता. आता उन्हाने तो इतका विटला आहे की लहान मुले मला खुशाल राखाडी म्हणतात. मी पाण्याचा एक जुना ड्रम आहे. बंगळुरूत मारतहळ्ळीच्या जुन्या वस्तीत, एका दुमजली घराच्या मागच्या अंगणात माझे बरेचसे आयुष्य गेले. माझी हकिकत मोठी नाही. पण त्या अंगणात एका उन्हाळ्यात जे घडले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म होसकोट्याच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे निळे दाणे वितळवून, गरम हवेने साच्यात फुगवून मला घडवले. माझ्यासारखे शेकडो भाऊ रांगेत उभे होते. कोणाच्या वाट्याला तेल आले, कोणाच्या वाट्याला साबण. मी नशीबवान ठरलो. माझ्यात आंब्याचा गर भरला आणि मला बोम्मसंद्र्याच्या एका सरबताच्या कारखान्यात पाठवले. तिथे गर काढून घेतला आणि मी रिकामा झालो.

त्या कारखान्याच्या गोदामात विनोदकुमार नावाचे गृहस्थ कामाला होते. मूळचे नगरचे, शांत स्वभावाचे, डोक्याला तेल चोपडून भांग पाडणारे. रिकामे ड्रम कामगारांना घरी न्यायची परवानगी होती. त्यांनी मला टेम्पोत घालून घरी आणले, तेव्हा त्यांची बायको वासंती दारातच उभी होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, बोटांच्या मागच्या बाजूने मला ठोकले आणि म्हणाली, "मोठा आहे. बरं केलंत." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तिने मला सोडा आणि गरम पाण्याने तीन दिवस घासले. तरी पुढचे दोन महिने घरातले सगळे आंब्याच्या वासाच्या पाण्याने आंघोळ करत होते. त्यांची लेक वाणी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. ती माझ्यापाशी येऊन नाक लावायची.

हे ख्रिस्ती कुटुंब होते. रोज संध्याकाळी दिवे लागले की तिघे स्वयंपाकघरात चटईवर बसून प्रार्थना करत. स्वयंपाकघराचे दार अंगणात उघडायचे, त्यामुळे मीही त्या प्रार्थनेत असल्यासारखाच होतो. शहरातली मराठी ख्रिस्ती मंडळी नाताळच्या आधी त्यांच्याकडे जमत. पन्नास माणसांचे जेवण होई आणि हात धुवायला, भांडी घासायला पाणी माझ्यातलेच. "वासंतीबाई, ड्रम मोठा कामाचा हो!" असे कोणीतरी म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

मग काही वर्षे मला कोणी विचारले नाही. घराच्या जुन्या बोअरवेलला नवा पंप बसला होता आणि पाणी चोवीस तास येऊ लागले होते. मला उलटे करून ठेवले. माझ्या तळावर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली बसली आणि पोटात पालीने घर केले. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

आणि मग तो उन्हाळा आला. मार्च सुरू झाला आणि एका सकाळी नळातून नुसती हवा आली. बोअरवेल आटली होती. आसपासच्या सगळ्याच गल्ल्यांत तीच तऱ्हा. टँकरला फोन लावला तर तो आज येतो म्हणायचा आणि परवा यायचा. वासंतीने पालीला हुसकावून लावले, मला सरळ केले आणि पहिल्याच टँकरला गळ्यापर्यंत भरून घेतले. नंतर तिने एक गोष्ट केली. माझ्या झाकणाच्या लोखंडी कड्यात तिने कुलूप अडकवले आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली.

"अगं, पाण्याला कुलूप?" विनोदकुमार म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं," एवढेच ती म्हणाली.

का ते मला ठाऊक होते, कारण भांडी घासताना ती एकदा वाणीला सांगत होती. वासंती जालन्याकडच्या एका खेड्यात वाढली. लहानपणी टँकरच्या रांगेत हंडा ठेवून ती तासन्‌तास बसायची. एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, रांग पुढे सरकली आणि ती रिकामा हंडा घेऊन घरी आली. त्या दिवशी तिचे आजोबा म्हणाले, "मला तहानच नाही, पोरी." ते खोटे बोलत होते हे सात वर्षांच्या वासंतीला कळले होते. तेव्हापासून रिकामे भांडे दिसले की ती आधी ते भरायला धावे. घरात पीठ असले तरी ती आणखी आणून ठेवी, आणि संध्याकाळी हात जोडले की एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघे. प्रार्थना देवाची आणि पहारा माझ्यावर.

एप्रिलमध्ये वाणीला कांजिण्या आल्या. आठ वर्षांची पोर, अंगभर फोड, नुसती खाजवत होती. कडुनिंबाचा पाला घालून तिला रोज आंघोळ घालायची, म्हणजे पाणी हवेच. नेमका त्याच आठवड्यात टँकर यायचा बंद झाला. रस्ता खणला होता म्हणे. मी तेव्हा जवळजवळ भरलेला होतो.

वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. तुंगाबाई, त्यांचा मुलगा पद्मनाभ आणि सून सुप्रीता. हे बंगळुरूतले जुने मराठी घर. बोलताना निम्मे कानडी सहज येऊन जाई. सुप्रीताला बाळ होऊन दहा दिवस झाले होते. एका सकाळी तुंगाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारू लागल्या. कांजिण्यांमुळे त्या खाली येत नव्हत्या आणि वासंती वर जात नव्हती.

"वासंती, स्वल्प पाणी आहे का गं? एक बादली पुरे. बाळाची दुपटी तशीच पडलीत, सुप्रीताची आंघोळ नाही. पद्मनाभ पहाटेपासून टँकर शोधत फिरतोय."

वासंतीचा हात मंगळसूत्रातल्या किल्लीवर गेला. "नाही हो अक्का," ती म्हणाली. "तळाला गेलंय."

"सरी, सरी, असू दे," तुंगाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्रांनो, मी जवळजवळ काठापर्यंत भरलेला होतो. मला चेहरा असता तर तो मी लाजेने लपवला असता.

दुपारी वासंतीने वाणीला ताट वाढले. या घरात जेवणाआधी देवाचे आभार मानायची रीत. विनोदकुमार कामावर होते, म्हणून आभार वासंतीने मानायचे होते. तिने डोळे मिटले. "हे प्रभू, तू आम्हाला दिलंस…" म्हणाली आणि तिथेच अडली. वाणी वाट बघत राहिली. वासंतीने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू जेव बाळा. मला जरा काम आहे."

ती अंगणात आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "देवा, मला भीती वाटते. संपलं तर काय, याचीच भीती वाटते. आयुष्यभर मी 'दे' म्हणत आले, आणि दिलेलं दाबून बसले. आज माझ्यापाशी आहे. आजच्यापुरतं आहे. उद्याचं मी नाही धरून ठेवू शकत, ते तू बघ."

तिने कुलूप उघडले. दोन बादल्या भरून तिने त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर नेऊन ठेवल्या, खाली उतरून लांब उभी राहिली आणि हाक मारली. तुंगाबाई बाहेर आल्या.

"अक्का, मी सकाळी खोटं बोलले. पाणी होतं."

"ते मला ठाऊक होतं," तुंगाबाई म्हणाल्या. "तू तांब्या बुडवतेस त्याचा आवाज वरपर्यंत येतो. ड्रम भरलेला असला की डुबुक, तळाला गेला की खरखर. चाळीस वर्षं पाणी भरलंय मी."

वासंतीची मान खाली गेली. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? घरात पोर आजारी. तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. सोड आता. चहा खाली पाठवू?"

दोघी हसल्या. वासंती हसता हसता रडलीसुद्धा.

पुढचे चार दिवस रोज सकाळी एक बादली वर जाई. मी कमरेपर्यंत आलो, मग गुडघ्यापर्यंत. कुलूप खिडकीत पडून राहिले. वाणीच्या आंघोळीचे पाणी परातीत धरून तेच संडासात वापरायचे, असे सगळे चालले होते. पण एक गंमत झाली. पाणी कमी होत होते आणि वासंतीचा चेहरा मोकळा होत होता. संध्याकाळी प्रार्थनेत तिचे दोन्ही डोळे मिटलेले असत. विनोदकुमारांना त्याचे इतके नवल वाटे की तेच अधूनमधून एक डोळा उघडून तिच्याकडे बघत.

पाचव्या दिवशी माझ्यात वीतभर पाणी उरले. त्या सकाळी वासंती जिन्याखाली आणि तुंगाबाई जिन्यावर, अशा दोघी बोलत बसल्या होत्या. वासंतीने त्यांना हंड्याची आणि आजोबांची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर तिने सहज विचारले, "अक्का, तुम्ही लग्न होऊन या घरात आलात, तेव्हा बोअरवेल नसेल. पाणी कुठून भरायचात?"

"बावीतून," तुंगाबाई म्हणाल्या आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. "अगं, बावी होती की आपली! विहीर! तुम्ही यायच्या कितीतरी आधी बोअर मारली, तेव्हा यांनी लादी टाकून झाकली. तुझा ड्रम उभा आहे ना, तिथेच!"

पद्मनाभ ऐकायला तयार नव्हता. "अम्मा, बोअर एवढी खोल जाऊन कोरडी पडली. वीस-पंचवीस फुटांच्या विहिरीत काय असणार?"

पण रविवारी तो विहिरी साफ करणाऱ्या तिघांना घेऊन आला. चर्चहून आल्याबरोबर विनोदकुमारांनीही बाह्या सरसावल्या. मला हलवायला एकच माणूस पुरला. गळ्यापर्यंत भरलेला असतो, तर पाच जणांनाही सरकलो नसतो. पहारीने लादी उचकटली. कोंदट, ओल्या मातीचा वास आला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने आत एक खडा टाकला.

सगळे अंगण कान देऊन उभे होते.

डुबुक.

पद्मनाभ खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला. वरच्या गॅलरीतून सुप्रीताने बाळाला उंच धरले. म्हातारा म्हणाला, वरच्या मातीतले पाणी वेगळे आणि खोल खडकातले वेगळे. एक आटले म्हणून दुसरे आटतेच असे नाही. दोन दिवस गाळ उपसला. मग पाणी निवळले. ते पिण्याचे नव्हते, पिण्यासाठी पाण्याचे कॅन येत होतेच. पण आंघोळीला, धुण्याभांड्याला पुरून उरेल इतके होते.

"तुझ्या प्रार्थनेला फळ आलं बघ," तुंगाबाई म्हणाल्या.

वासंतीने मान हलवली. "पाणी तर तिथे होतंच, अक्का. देवानं ते आधीच ठेवलं होतं. मीच त्याच्यावर ड्रम ठेवून काळजी करत बसले होते."

त्या संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने वाणीची आंघोळ झाली. खपल्या धरल्या होत्या, खाज थांबली होती. जेवणाआधी वासंतीने आभार मानले. शेवटपर्यंत, कुठेही न अडता. मग तिने दोन भाकरी खाल्ल्या आणि भांडी घासायच्या आधीच चटईवर आडवी होऊन गाढ झोपली. विनोदकुमारांनी आवाज न करता भांडी घासली.

यानंतर दोन वर्षे मी विहिरीशेजारी उभा होतो. मग उन्हाने माझा तळ तडकला. मी गळू लागलो. विनोदकुमार भंगारवाल्याला हाक मारणारच होते. पण विहीर साफ करायला आलेला तोच म्हातारा म्हणाला, "टाकू नका. भोकं पाडा याला. विहिरीतून नुसतं घेत राहिलात तर तीही आटेल, तिला परत द्यायला हवं." माझ्या तळाला भोके पाडली, आत खडी, वाळू आणि बारीक जाळी घातली. आता गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी नळीतून माझ्यात येते, गाळले जाते आणि विहिरीत उतरते. माझ्यात तांब्याभर पाणीही टिकत नाही. तरी अंगणातले सगळे मला अजून 'पाण्याचा ड्रम' म्हणतात, याचा मला आनंद आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी ड्रम असेल तर त्याला आठवड्याला एकदा घासा, उन्हात ठेवू नका आणि झाकण लावायला विसरू नका. कुलूप मात्र नको. वाळूतून पाणी झिरपताना फार बारीक आवाज होतो. सुप्रीताचे ते बाळ आता धावते, आणि पाऊस पडला की माझ्या अंगाला कान लावून बसते. तुम्हीही कधी ऐकायला या. फक्त निघण्याआधी घरचा नळ नीट बंद केलाय ना, तेवढे बघून या.