जास्तीचा घास

मुलांनो, क्षणभर डोळ्यांपुढे आणा. तुम्हाला कडकडून भूक लागली आहे आणि समोरची रिकामी वाटी कुणी पुन्हा भरून देत नाही. राग येईल की नाही? तस्साच राग त्या दिवशी बेकरीवाल्याला आला होता.

"सिस्टर, मागतेय ती!" त्याचा आवाज वॉर्डभर गेला. "वर्षभर हातापाया पडलो हिच्या, एक घास खा म्हणून. आज पोरगी स्वतःच्या तोंडानं मागतेय, आणि तुम्ही नाही म्हणता?"

"हळू बोला काका, शेजारचं बाळ आत्ता कुठे डोळा लावतंय," सिस्टर म्हणाली. "आजचा वाटा संपला. पुढचा संध्याकाळी."

पलंगावर त्याची लेक होती. आपण जाड होऊ या भीतीनं तिनं हळूहळू जेवण तोडलं होतं. आधी घरच्यांना तो हट्ट वाटला. शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, हा आजार आहे. आता तिचं मनगट बापाच्या दोन बोटांत मावत होतं.

सिस्टर वळली तसा बेकरीवाल्यानं शर्टाआडून पाव काढला. सकाळीच भाजलेला, लोण्यानं माखलेला. अर्धा तोडून त्यानं लेकीपुढे धरला. तिचा हात पुढे आला, तेवढ्यात सिस्टरनं त्याचं मनगट धरलं.

"द्या तो इकडे."

"खाऊन कुणी मरतं होय? जन्म गेला माझा लोकांना खाऊ घालण्यात!"

सिस्टर रागावली नाही. स्टूल ओढून बसली. "काका, इतके दिवस उपाशी राहिलं की शरीरातला क्षारांचा साठा संपत येतो. मग एकदम भरपूर अन्न गेलं, की रक्तात उरलेले क्षारही पेशी ओढून घेतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अडखळतो. म्हणून आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग थोडंथोडं अन्न, आणि रोज रक्ताची तपासणी."

बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्याचं सगळं लक्ष पावाकडे.

तेव्हा लेकच बोलली, बारीक आवाजात. "बाबा, तुम्ही आजारी होतात, भट्टी बंद होती. नंतर पहिल्या दिवशी किती लाकडं घातलीत?"

"दोन-चार ढलप्या फक्त. गार पडलेली भट्टी एकदम पेटवली तर आतल्या विटा तडकतात..."

बोलता बोलता त्याची नजर लेकीच्या मनगटावर गेली. त्यानं पाव सिस्टरच्या हातात दिला.

दुपारी डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. "फॉस्फेट नावाचा क्षार घसरलाय. वेळेत कळलं. आज अन्न वाढवायचं नाही; क्षार सलाईनमधून देऊ." मग बापाकडे पाहून विचारलं, "बाहेरचं काही दिलं नाहीत ना?"

त्यानं मान हलवली. नाही. संध्याकाळपर्यंत तो मॉनिटरवरची हिरवी रेघ बघत बसला. एकेक ठोका त्याला कुणीतरी उसना दिल्यासारखा वाटत होता.

हळूहळू रक्ताच्या तपासणीतले आकडे वर आले. वाटा वाढू लागला, तोही चमच्या-चमच्यानं. एका सकाळी सिस्टर ड्यूटीवर आली तर बेकरीवाला दारातच हात जोडून उभा.

"सिस्टर, तुम्ही त्या दिवशी माझा हात धरला नसता तर..."

"अहो, हात कसले जोडता? बाजूला सरका, इंजेक्शनं द्यायची आहेत." ती हसली. मग थांबून म्हणाली, "आणि तुमच्या लेकीला विसरू नका. मी समजावून दमले होते. तुम्हाला समजलं ते तिच्यामुळे."

त्या दिवशी वाटी जरा जास्त भरलेली होती. पोरगी तिच्याकडे नुसती बघत राहिली. भूक होती, तशी भीतीही अजून होतीच.

"जमेल?" सिस्टरनं विचारलं. बापानं वाटीकडे नेलेला हात मागे घेतला.

पोरीनं वाटी जवळ ओढली, सावकाश संपवली, आणि चमचा उलटा करून मागूनसुद्धा चाटला.