निंगप्पा पाण्याला भ्याला

निंगप्पा पाण्याला भितो असं कुणी म्हटलं असतं, तर सोलापूरजवळच्या कुंभारीतली माणसं पोट धरून हसली असती. कुणाची कळशी विहिरीत पडो की पाण्याच्या मोटारीचा, पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळात अडको, सोलापुरात निंगप्पाकडेच निरोप जायचा. एरवी गिरणीत, सुट्टीच्या दिवशी पाण्यात, असा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. दम कोंडून तळ गाठायचा आणि वस्तू घेऊनच वर यायचं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात तो बायकोला, दाक्षायणीला घेऊन पुण्याला मेव्हण्याकडे गेला आणि तिथं घोटाळा झाला. मेव्हण्याच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. संध्याकाळी अख्खी चाळ तिथं दाटीवाटीनं बसायची. त्या दिवशी शार्क माशांवरचा माहितीपट लागला. बोलणं सगळं इंग्रजीत, त्यामुळं निंगप्पाला पोचली ती फक्त चित्रं आणि संगीत. शांत पाणी दिसायचं. मग खालून धुम धुम सुरू व्हायचं, एक काळा पंख पाणी चिरत यायचा, आणि एकदम दातच दात. मांडीचा लचका गेलेला एक माणूस दाखवला. थोड्या वेळानं परत तोच. शेवटी परत तोच.

"काय म्हनतोय त्यो?" निंगप्पानं हळूच विचारलं.

मेव्हणा शिवशरण कचेरीत कारकून होता. तो म्हणाला, "असं क्वचितच घडतं म्हणतोय. बहुतेक शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत."

"मग त्या एकाच मानसाला तीन-तीनदा कशाला दावत्यात?" दाक्षायणी म्हणाली. "मासा तर नुसता पवतोय की. ढोल ह्यांनीच वाजवलाय."

सगळे हसले. निंगप्पा नाही हसला.

सोलापूर कुठं, समुद्र कुठं, हे त्यालाही कळत होतं. तरी परत आल्यावर विहिरीचं नाव निघालं की त्याला तो काळा पंख दिसायचा. दोन बोलावणी त्यानं 'कान ठणकतोय' म्हणून परतवली. तिसऱ्यांदा कुंभारीचा बसप्पा स्वतःच दारात आला. त्याच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला होता, ऊस वाळायला लागला होता. जुना दोस्त. नाही म्हणवेना.

निंगप्पा बसप्पाच्या विहिरीच्या पायऱ्या उतरला खरा, पण शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून राहिला. पाण्यात पाय सोडायचाही धीर होईना. दोन परस, म्हणजे एकावर एक दोन माणसं बुडतील इतकं पाणी, हिरवंगार, तळ दिसत नव्हता.

"जरा घाम वाळू दे," तो वर बघून म्हणाला.

बसप्पाची बायको गुरम्मा चहा घेऊन खाली आली. शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि निंगप्पाच्या डोळ्यांदेखत ती पाण्यात गेली. एकदा हात वर दिसला, मग तोही दिसेना.

"निंगप्पा! आरं उडी मार की!" बसप्पा काठावरून ओरडला. त्याला पोहता येत नव्हतं.

निंगप्पा उभा राहिला. किती वेळ तसाच उभा होता, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. मग त्यानं डोळे मिटून उडी टाकली.

आत हिरवट, अंधुक उजेड होता. कानात धुम धुम चालू होतं. आणि अचानक कशानं तरी त्याची पोटरी गच्च धरली. त्याला फक्त दात दिसले. जीव खाऊन त्यानं लाथ हाणली. पकड सुटली. वर पळायच्या बेतात त्यानं खाली नजर टाकली, तर हिरव्या बांगड्यांचा हात आणि लुगड्याचा पदर खोल चालला होता.

तो तसाच उलटा फिरला. तळाच्या जरा वर तिचा अंबाडा हाताला लागला. त्यालाच धरून तिला वर आणलं.

पालथं घालून पाठ दाबल्यावर गुरम्मा ओकली, खोकली, रडायला लागली. शेजारचे शेतकरी धावत आले. "देवावानी आलास बाबा," बसप्पानं त्याचे हात धरले. गुरम्माचा जबडा सुजून काळानिळा पडत होता. "पायरी लागली आसंल," कुणीतरी म्हणालं.

निंगप्पा गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. माणसं पांगल्यावर मात्र तो मळ्यातल्या घराच्या ओसरीत टेकलेल्या गुरम्मासमोर जाऊन उकिडवा बसला.

"वैनी, पायरी न्हाय लागली. मी लाथ मारली. मला वाटलं मासा हाय." आणि त्यानं टीव्हीचं सगळं सांगितलं, ओल्या धोतराचा सोगा पिळत, मान खाली घालून.

बसप्पाचा चेहरा ताठला.

"मासा वाटला, तर परत खाली कशाला आलासा, अण्णा?" गुरम्मानं सुजल्या तोंडानं विचारलं.

"बांगड्या दिसल्या."

"भ्या वाटलं न्हाय?"

"लई वाटलं. आता बी वाटतंय."

तिनं मान हलवली आणि नवऱ्याला हळद गरम करायला पाठवलं. बसप्पा निंगप्पाकडे न बघताच उठला. पण जाताना त्यानं खुंटीवरचं स्वतःचं कोरडं धोतर काढून निंगप्पाच्या मांडीवर टाकलं.

दिवस मावळायला निंगप्पा सोलापुरात पोचला. कुणाचं धोतर नेसून आलात, असं दाक्षायणीनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगायला सुरुवात केली ती लाथेपासून.