आर्लिस नोवोटनीचा गिअरबॉक्स

लीलंडला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात त्याच्या बायकोने, आर्लिसने, ऐकलेल्या सल्ल्यांची मोळी बांधली असती तर नेब्रास्काचा अख्खा हिवाळा शेकोटी पेटती राहिली असती. गाई कमी कर, कुरण भाड्याने दे, गावात घर बघ. सगळ्यांत पुढे तिचा दीर ऑरिन. तो टेकडीपलीकडेच राहायचा, त्यामुळे त्याचे सल्ले ताजेताजे पोचायचे.

ऑक्टोबरात वासरं बाजाराला न्यायच्या ऐन तोंडावर त्यांचा जुना डिझेल पिकअप चढावर दगा द्यायला लागला. इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जेमतेम सरकायची. गावातल्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सच्या ऑइलचा वास घेतला आणि नाक मुरडलं. इतक्या जुन्या ऑटोमॅटिकला आता हात लावला तर होता तो जीवही जाईल, म्हणाला. ऑरिनने तर गाडीला गिऱ्हाईकही शोधून आणलं.

"म्हातारा घोडा झालाय तो, आर्लिस," तो म्हणाला. "वासरं मी नेतो माझ्या ट्रकमधून. तू लीलंडपाशी बस."

वसंतात त्याने अशाच मदतीच्या नावाखाली नेलेल्या गाई न विचारता विकून टाकल्या होत्या. आर्लिस ते विसरली नव्हती.

"बसायला मला कुणी शिकवलंच नाही," ती म्हणाली आणि गाडीचं जुनं पुस्तक शोधायला आत गेली.

शुक्रवारी सकाळी तिने पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवून गाडी शेडमध्ये उभी केली. लीलंडची खुर्ची दाराशी उन्हात ठेवली, पायांवर घोंगडी टाकली. हे काम आजवर त्याचं होतं. आता उजवा हात मांडीवर पडलेला, आणि शब्द एकेक ओढून काढावा लागायचा. तिला हत्यारांच्या पेटीतून पाने काढताना बघूनच तो मान हलवायला लागला. नको. आर्लिस त्याच्याकडे पाठ करून गाडीखाली सरकली.

एका बाजूचे बोल्ट आधी सैल केले, तरी गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण कललं तसं गरम ऑइल कोपरापर्यंत बाहीत शिरलं. तिने एक कचकचीत शिवी हासडली. लाल असायचं ते ऑइल काळ्या कॉफीसारखं झालं होतं. झाकणातल्या लोहचुंबकावर करडा चिखल होता. बोटांनी चोळून पाहिला, तर नुसती भुकटी. धातूचा तुकडा एकही नाही. म्हणजे आतलं काही तुटलेलं नव्हतं. ते चुंबक तिने लीलंडच्या नाकासमोर धरलं. "बघ. मेलेलं दिसतंय का हे?"

नवा फिल्टर बसवला. गिअर धरणारे आतले पट्टे आधी घट्ट आवळले आणि मग पुस्तकात दिलेले फेरे मोठ्याने मोजत सैल केले. झाकण लावून नवं ऑइल ओतलं. गाडी उभी करायच्या, पार्कच्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून ऑइल मोजायची पट्टी काढली, तर ऑइल बरोबर खुणेवर. लीलंड अजून मान हलवतच होता. आता पुरे झालं तुझं, असं म्हणून ती गाडी चालवून बघायला निघाली.

पहिल्याच चढावर तिसरा गिअर पडेना. इंजिन गरगरलं, गाडी तरंगल्यासारखी झाली. पाच मिनिटांत जवळच्याच घरातून ऑरिन दोर घेऊन हजर. त्याने काही बोलायच्या आत तिने काच वर केली आणि गाडी वळवली. पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईच्या चालीने ती चार मैल घरी आली. मागे दिवे लुकलुकवत ऑरिन, जसा काही प्रेतयात्रेत चाललाय. तिचे कान तापले होते, पण तिने आरशात एकदाही पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर ऑरिन शेडच्या दारातच उभा राहिला, आता ही आपल्याकडे मदत मागेल म्हणून. तेवढ्यात लीलंडने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला. मग तोच हात हवेत उचलून गिअरची दांडी खाली ओढल्यासारखा केला.

"न्यू... न्यूट्रल."

आर्लिसने पुस्तक पुन्हा उघडलं. होतं की लिहिलेलं, बारीक अक्षरात. या गाडीचं ऑइल न्यूट्रलमध्येच मोजायचं. पार्कमध्ये पट्टी खोटं बोलते. तिने ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरमधून फिरवली, न्यूट्रलला आणली आणि हातब्रेक ओढून पट्टी काढली. नुसतं टोक ओलं. आणखी दोन बाटल्या ओतल्या तेव्हा कुठे खूण गाठली.

"सकाळी का नाही बोललास?"

"बोलत... होतो." त्याने मान हलवून दाखवली.

सकाळपासून सगळ्यांचे नकार झटकता झटकता तिने त्याचाही झटकला होता. तिला स्वतःची लाज वाटली. तिने त्याच्या गालावर हात ठेवला आणि गालाला ऑइल लागलं तरी तो बाजूला घेतला नाही.

"नशीब म्हणायचं," ऑरिन पुटपुटला. "पण उद्या वासरं भरल्यावर बघू."

"बघ की. तुझ्या दारावरूनच जाणार आहे."

शनिवारी तिने चौदा वासरं ट्रेलरमध्ये चढवली आणि लीलंडला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला. चढ लागला. दुसरा गिअर सुटला आणि तिसरा असा अलगद पडला की लीलंडच्या मांडीवरच्या कपातली कॉफीही हिंदकळली नाही. ऑरिन कुंपणाशी उभा होता. तिने हॉर्न वाजवला, जरा जास्तच वेळ.

बाजारातल्या कारकुनाने वासरं पाहिली आणि वसंतातल्या गाईंसारखीच, सवयीने ऑरिनच्या नावाची पावती फाडायला घेतली. आर्लिसने खिडकीतून हात घालून ती थांबवली.

"नाव लिही, आर्लिस आणि लीलंड नोवोटनी," ती म्हणाली. "आणि यापुढे दुसऱ्या कुणी आमची जनावरं आणली, तर आधी मला फोन कर."